साहेब घडवणाऱ्या साहेबांस

मु. पो. अकोले, जि. अहिल्यानगर

रा. रा. सीव्हीई-२०२४-३६४६७ साहेब यांचे सेवेशी,
कृ. सा. न. वि. वि.

सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई घराण्यातले आपण. आपला मुक्काम झॅबिक्समध्ये आहे, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये जगजाहीर झाले. तोवर आपण त्याचा जराही गवगवा केला नाहीत. प्रसिद्धीची हाव नसलेली अशी मंडळी आता विरळाच.

मुक्कामाची निवडही काय केलीत! घाटघरला पाऊस लागून लाइन पडली, शेंडीचा राउटर गप्प झाला, की अकोल्यात बसल्या जागी स्क्रीन लाल करणारे हे सॉफ्टवेअर. जो साऱ्यांवर नजर ठेवतो, नेमके त्याच्याच घरी उतरलात.

आमच्याकडे साध्या सोसायटीचा संचालक व्हायचे तर अर्ज भरा, छाननीत टिका, पॅनेल जमवा, जेवणावळी घाला. आणि माघारीच्या दिवशी सख्खे चुलतेच फॉर्म काढून घ्यायला लावतात. आपल्या राज्यात यादीत आपले नाव आपणच लिहायचे. साध्या वापरकर्त्याने 'युजर.अपडेट' या एपीआयला कळवायचे, मला ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या गटात घ्या. की घेतले! स्वतःची माहिती बदलायचा हक्क त्याला असतोच. या गटात शिरायचा हक्क आहे का, हे विचारण्याचा उद्धटपणा आपल्या हातून झाला नाही. मग त्या गटाच्या ताब्यातली यंत्रे त्याचीही झाली.

बंद केलेल्या गटात मात्र आपण कुणाला घुसू देत नाही. तत्त्वाला किती पक्के!

थोरले बंधू सीव्हीई-२०२४-४२३२७ यांना नमस्कार सांगावा. तेही त्याच महिन्यात प्रकटले. 'युजर.गेट'ला विचारलेल्या प्रश्नात डेटाबेसची आज्ञा दडवू देणारे ते भलतेच दिलदार. धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी ९.९. उरलेला ०.१ हुकला तो लॉगिन लागते म्हणून. एपीआय वापरता येणारे कुठलेही लॉगिन त्यांना चालते. नोकरी सोडून गेलेल्या पोराचे, कुणी बंद न केलेलेसुद्धा.

दुरुस्त आवृत्त्या निघाल्या म्हणून मन खट्टू करू नये. 'चालतंय ना, मग हात लावू नका' म्हणणारे कारभारी गावोगाव आहेत. त्यांच्या सर्व्हरवरून आपल्याला कुणी 'उठा' म्हणायचे नाही.

लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एक साधा वापरकर्ता (अजून तरी)

ता. क. : जिथे खात्याचे नाव 'ॲडमिन' आणि पासवर्ड 'झॅबिक्स' हे मूळचेच ठेवले आहे, तिथे आपण येण्याची तसदी घेऊ नये.