पेन्सिलीचे मोल

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा करणाऱ्याला सगळे अडाणी म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या प्रतीत, अमेरिकी राज्यघटनेच्या समासात, राष्ट्राध्यक्षांच्या कामांपुढे अशाच खुणा केल्या. २०१२च्या लिलावात त्या प्रतीला सुमारे ९८ लाख डॉलर मिळाले. घटना फुकट वाचता येते. पैसे पडले ते पेन्सिलीचे. घेणारी संस्था वॉशिंग्टन यांचेच घर सांभाळते, म्हणजे घरचे पुस्तक घरी.

याच गृहस्थांनी १७८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रंथालयातून नेलेले पुस्तक परत आलेच नाही. २०१० मध्ये त्याच संस्थेने दुसरी प्रत भरून दिली. ग्रंथालयाने दंड मागितला नाही.

तेव्हा वाचकहो, पुस्तके खुशाल ढापा, समास रंगवा. फक्त आधी एखादे राष्ट्र स्थापन करा.