रोबोकॉनची टीम गच्चीवर घेण्याआधी

लष्करी छावणीच्या भिंगारमध्ये गच्ची असलेलं घर आणि नात्यात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, असा दुहेरी योग ज्यांच्या कुंडलीत आहे त्यांनी पुढील सूचना कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवाव्यात. टीम आल्यावर वाचून उपयोग नाही. तोवर दाराला ड्रिलने भोक पडलेलं असतं.

१. स्पर्धेची माहिती असावी. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची ही आंतरराष्ट्रीय रोबोकॉन २००२ साली टोकियोत सुरू झाली. यजमान देश दरवर्षी आपल्याकडचं काहीतरी यंत्रांना करायला लावतो. आपण २००८ला पुण्यात दहीहंडीचा विषय दिला. २०१४ला, पुन्हा पुण्यातच, आईबाप-रोबोने बाळ-रोबोला झोक्यावर, सीसॉवर खेळवायचं होतं, आणि सगळं पार पडलं की त्या विजयाचं नाव ‘शाबाश’. २०२२ला दिल्लीत चक्क लगोरी. फरशीच्या तुकड्यांवर आपण ती गल्लीत फुकट खेळलो. यंत्राला खेळवायचा खर्च वडिलांना एका दमात सांगू नये.

२. कॅप्टन ओळखावा. सोपं आहे: ज्याचा शर्ट स्वच्छ तो. तो सोमवारी ‘डिझाइन फायनल’ म्हणतो आणि बुधवारी रात्री ग्रुपवर नवीन चित्र टाकतो. त्याला स्ट्रॅटेजी असते. पान्हा नसतो. “काका, हे सोपं आहे,” असं म्हणून तो जे काही सांगतो, ते दुसऱ्या कुणाला तरी करायचं असतं. याला खुर्ची देऊ नये. दिलीच तर जिन्याच्या वाटेत ठेवू नये.

३. चौकोनी अॅल्युमिनियम पाइप गच्चीवर कापावा, हॉलमध्ये नाही. पत्र्याचं लेझर कटिंग नागापूर एमआयडीसीत होतं. मोटारी आणि सेन्सर बुधवार पेठेतून आणायला कुणीतरी पुण्याला जातंच. त्याच्याबरोबर घरचंही एखादं काम पाठवावं.

४. हवा. पकड उघडझाप करायला न्यूमॅटिक सिलिंडर, आणि हवेची टाकी म्हणून कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या. दाब ६ बारच्या वर न्यायचा नाही, गेज बघूनच भरायचं, चरे पडलेली बाटली फेकून द्यायची. आमच्याकडे एक फुटली तेव्हा शेजाऱ्यांनी आधी लष्कराच्या हद्दीकडे बघितलं. रणगाड्यांच्या शेजारी राहणारी माणसं आहेत ही, आवाजाला सहसा दचकत नाहीत. त्या दिवशी दचकली.

५. लिथियमच्या बॅटऱ्या रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. फुगलेली तर लावूच नये. चार्जिंग फरशीवर करावं, गादीवर नाही. (कढईतही नाही. कढई स्वयंपाकाची आहे.)

६. मोटर फिरली की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. कॅप्टन म्हणतो, कोड चुकलाय. कोडवाला म्हणतो, मेकॅनिकलचं जाम झालंय. यावर जेवणं थंड होईपर्यंत चर्चा चालते. वायरिंगचा मुलगा काहीच म्हणत नाही. तो टॉर्च तोंडात धरून गुडघ्यावर बसतो, एकेक जोड चिमटीत धरून हलकेच ओढून बघतो, एक हातात येतो. तो पुन्हा क्रिम्प करतो, पुन्हा ओढतो, मग टाय मारतो. त्यानंतर बोर्डाला वेगळी बॅटरी देतो, कारण मोटर एकदम करंट खेचते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं. आणि दोन्हींचा ग्राउंड मात्र एकत्र जोडतो. हे सगळं होईपर्यंत कॅप्टनचा व्हिडिओ शूट झालेला असतो, ‘आमची मेहनत’ म्हणून. त्यात हा मुलगा दिसतो तो पाठमोरा. आलं घातलेला चहा आधी याला द्यावा. हा नियम मोडल्यास क्षमा नाही.

७. नट नायलॉकचेच घ्यावेत. साधे थरथरून सुटतात आणि नेमके पाहुणे आलेले असताना सुटतात.

८. उन्हात गच्चीवर रेष बरोबर ओळखणारा सेन्सर स्टेडियमच्या दिव्याखाली भांबावतो. तिथे गेल्यावर सगळं पुन्हा जुळवावं लागतं. ‘घरी चालत होता’ हे वाक्य तीन मिनिटांच्या सामन्यात धरत नाहीत.

९. फ्रेम नट-बोल्टची ठेवावी, वेल्डिंगची नाही, आणि ती आखण्याआधी जिना मोजावा. जुन्या घरांचे जिने अरुंद, वर मध्येच वळण. टेप कॅप्टनकडे मागू नये, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. वायरिंगवाल्याच्या खिशात असेल.