कुलकर्न्येगो

शाळेत स-ला-ते, स-ला-ना-ते घोकलेल्या माणसाला विभक्तीची काय भीती? नोकरीसाठी क्राकुफला आलो, पोलिशच्या वर्गात बसलो, आणि बाईंनी सात विभक्त्या आहेत म्हटल्यावर बाकीच्यांचे चेहरे पडले. मी मिशीतल्या मिशीत हसलो. आमच्या आठ!

पहिला तडाखा गावानंच दिला. 'क्राकुफ' घोटून पाठ केलं होतं. पण क्राकुफमध्ये राहायचं तर ते 'क्राकोव्ये' होतं, आणि तिथून निघा नाहीतर तिथे जा, 'क्राकोवा'. हा 'क्राकोवा' म्हणजे त्यांची षष्ठी, 'दोपेउन्याच'. आपली षष्ठी बिचारी चा-ची-चे सांभाळून असते. ही मात्र लग्नघरातल्या आत्यासारखी सगळीकडे पुढे. साखर म्हणजे 'त्सुक्येर', पण बिनसाखरेचा चहा 'बेझ त्सुक्रु'. वेळ असला तर 'चास', नसला की 'चासु'. पिएरोगी (आपल्या उकडलेल्या करंज्यांचे पोलिश भाऊबंद) दोनापासून चारापर्यंत पिएरोगीच असतात. पाचव्याला त्यांचे 'पिएरोगुफ' होतात आणि एकविसापर्यंत तसेच राहतात. बाविसाव्याला पुन्हा पिएरोगी! बावीस खाल्लेल्या माणसाला एवढी शुद्ध राहते, हेच मला या देशाचं मोठेपण वाटतं.

"असं का?" मी बाईंना विचारलं.

"ताक शे मूवी," बाई म्हणाल्या. म्हणजे, असंच म्हणतात.

हेही गिळलं असतं. पण एक दिवस ऑफिसात चहा घेऊन येताना ऐकलं, शेजारचा सहकारी फोनवर कुणाला तरी सांगत होता, "न्ये मा कुलकर्न्येगो." मला वाटलं, कुणी इटालियन गृहस्थ नवीन लागले असावेत. ते गृहस्थ म्हणजे मीच होतो. कुलकर्णी जागेवर असला तर कुलकर्णी, नसला की कुलकर्न्येगो. माझ्या असण्यापेक्षा नसण्याला एक अक्षर जास्त! मला काही द्यायचं तर 'कुलकर्न्येमु', माझ्याबरोबर कुठे जायचं तर 'कुलकर्निम'. बायकांची अशी परकी ईकारान्त आडनावं मात्र पोलिशमध्ये वाकत नाहीत. हे घरी सांगितलं, तेव्हा "बरोबरच आहे," एवढंच म्हणून बायको भाजी चिरत राहिली.

रात्री आईचा फोन आला.

"अरे, देशपांड्यांकडे मुंज आहे. जोश्यांना विचारलं, तर ते जाणार नाहीत म्हणे. कुलकर्ण्यांचं कुणीतरी दिसायला नको का?"

एका दमात तीन आडनावं वाकवली होती. पोलिश शिकायला लागल्यापासून माझे कान फार हळवे झालेत.

"आई, देशपांडेचं देशपांड्यांकडे कसं झालं गं?"

"म्हणजे? मग काय देशपांडेकडे म्हणू? कसं वाटेल ते!"

"पण नियम काय?"

"नियम कसला? असंच म्हणतात."

"ताक शे मूवी," मी पुटपुटलो.

"ताक? मिळतं का रे तिकडे?"

"मिळतं की. माश्लांका म्हणतात त्याला," मी म्हणालो. "संपलं असलं की माश्लांकी."