बसा ना सर, सोडून देतो

पहाटे पाचच्या सुमारास अंजनगावच्या रस्त्यावर कोणी धावताना दिसला, तर बघणारा त्याचा हिशेब लगेच लावून मोकळा होतो. एक तर याची परतवाड्याची एसटी निघाली, नाही तर म्हैस दावं तोडून सुटली, नाही तर पोरगं पोलीस भरतीचं आहे. या तिन्हींत न बसणारा असेल, तर त्याच्या मागं कोण लागलंय ते वळून बघायचं. हवा खायला किंवा नदीकाठची शोभा बघायला कोणी धावतं, हे आमच्या तालुक्यात अजून कोणाच्या गळी उतरलेलं नाही. घाम गाळायला वावर आहे, आणि शोभा बघायचीच तर बसून बघावी.

तशात माझा भाचा पुण्याहून दिवाळीला आला. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला त्यानं नाव घातलं होतं. अर्धीच, पण अर्धी म्हणजेसुद्धा एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. फराळाचं ताट पुढं आलं तर तो चकलीकडं संशयानं बघत म्हणाला, "मामा, इथं रनिंगला चांगला रूट कोणता? नदीकाठ असेल, थोडं जंगल असेल, तर मजा येईल."

माझी आई ओसरीवर वाती वळत होती. ती म्हणाली, "पुण्याले राहून पोरगं वाळून गेलं, अन् वरतून पयते म्हणते. त्याले म्हना, पयले भाकर खाय."

मी शाळेत भूगोल शिकवतो. भाच्यानं विचारलेल्या दोन्ही गोष्टी माझ्या तालुक्याच्या नकाशावर आहेत. शहानूर नदी गावाच्या मधून जाते. एका काठाला अंजनगाव, दुसऱ्या काठाला सुर्जी. उत्तरेला सातपुडा, त्यात मेळघाट. कागदावर बघितलं तर युरोपातल्या कुठल्याही गावानं हेवा करावा. मी छाती फुगवून म्हणालो, "उद्यापासून सुरू कर. पहिल्या दिवशी नदी."

पहिल्या दिवशी तो एकटाच गेला आणि अगदी खुशीत परत आला. "मामा, इथले लोक किती समंजस आहेत! पुण्यात कोणी बाजूला होत नाही. इथं मला बघितलं की सगळे मान फिरवून रस्ता देत होते. एका आजोबांनी तर हातानंच खुणावलं, पुढं जा, पुढं मोकळं आहे म्हणून."

मी त्याच्या हाताकडं बघितलं. हातात लिटरभर पाण्याची बाटली होती. पहाटेच्या अंधारात, हातात बाटली घेऊन, घाईघाईनं नदीच्या दिशेनं निघालेल्या माणसाला आमच्याकडं कोणी अडवत नाही, हालहवालही विचारत नाही. माणुसकी म्हणून एक चीज असते. गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्तीचा फलक असला, तरी काही नेमधर्म फलकांना जुमानत नाहीत. मधल्या काळात गुड मॉर्निंग पथक जोरात होतं, तेव्हा हा आला असता तर पथकानं त्याला गुलाबाचं फूल देऊन ठाण्यात नेलं असतं, आणि बाटलीतलं पाणी इलेक्ट्रोलाइटचं आहे हे पटवता पटवता याची दिवाळी तिथंच झाली असती.

खरं तर पायी चालण्याच्या बाबतीत आमच्या तालुक्यानं मान खाली घालायचं कारण नाही. गाडगेबाबांचा जन्म 1876 सालचा, याच तालुक्यातल्या शेंडगावचा. हातात खराटा, डोक्याला गाडगं, आणि अख्खा महाराष्ट्र पायाखाली. पण बाबा शोभेच्या वाटेनं कधी गेले नाहीत. जिथं घाण तिथून त्यांची वाट. आमचा आजचा नदीकाठ बघितला तर ते मुक्कामच वाढवतील. व्यायामाचंही वऱ्हाडाला वावडं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पथकानं मल्लखांब आणि देशी खेळ दाखवून गोऱ्यांना तोंडात बोट घालायला लावलं. पण ती मेहनत आखाड्यात, चार भिंतींच्या आत. भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, अर्ध्या चड्डीत शरीर कमवायचं म्हणजे लोकांना जबाब द्यावा लागतो.

तो जबाब दुसऱ्या दिवशी मला द्यावा लागला. बाटलीचा घोळ नको म्हणून मी स्कूटी काढली, बाटली डिकीत टाकली आणि भाच्याच्या मागं मागं पथ्रोटच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मला मनापासून आवडतो. दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे, मध्ये केळी, तुरीला नुकतीच पिवळी फुलं धरलेली, कापूस वेचणीला आलेला, आणि डाव्या हाताला सातपुड्याची निळी ओळ सोबतीला. भाच्याला मी सांगितलं, की खरी मजा जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा आंबिया बहाराची फुलं येतात, आणि पहाटे त्या वासातून जाताना अत्तरवाला मागं लागल्याचा भास होतो. तो "हं हं" करत होता. धावताना त्याला बोलता येत नाही, हा या खेळाचा मला आवडलेला एकमेव गुण.

पण बाकीचं जग बोलू शकत होतं. पहिली मोटारसायकल थांबली. दुधाचे कॅन लावलेला माजी विद्यार्थी. "सर, काय झालं? काहून पयवून राह्यले त्याले? काय केलं पोरानं?" पुढं पोरगं घामाघूम, मागं मास्तर गाडीवर, त्याच्या शालेय आठवणींत हे दृश्य शिक्षेतच मोडत होतं. मी म्हटलं, "काही नाही रे, मॅरेथॉनची तयारी आहे." त्यानं भाच्याजवळ गाडी नेली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, बसा मांगं. सर समोर गेले की उतरून देतो."

मग तर रीघच लागली. आमच्या भागात रस्त्यानं पायी जाणारा ओळखीचा माणूस दिसला आणि गाडी थांबवली नाही, तर लग्नात पंगतीला बोलावलं जात नाही. ट्रॅक्टरवाला थांबला, शेंगदाण्याच्या पोत्यांवर जागा करून देतो म्हणाला. ऑटोवाल्यानं पैसे घेणार नाही अशी शपथ घातली. एक म्हातारेबुवा सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "कोठलोक जातं? पथ्रोटलोक? एवढं पयण्यापेक्षा माही सायकल ने बाप्पा, मले काही घाई नाही." भाचा प्रत्येकाला थांबून नमस्कार करी, कारण संस्कार. दर थांब्याला घड्याळाचं बटण दाबी, कारण ॲप. घरी आल्यावर ॲपनं जाहीर केलं की आजच्या सरावात धावण्यापेक्षा थांबण्याला जास्त वेळ लागलेला आहे.

मग पानमळ्यांची वाट धरली. अंजनगावचं नाव विड्याच्या पानानं आणि पानपिंपरीनं झालेलं. बारी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत त्यात आहे. बाहेरून पानमळा म्हणजे कुडाची उंच भिंत. आत शिरलं की ऊन एकदम मंद होतं, शेवरी आणि पांगाऱ्यावर वेल चढलेले, पायाखाली ओली गार माती, आणि दोन ओळींमधून जाणारी वाट माणसाच्या खांद्याएवढीच. भाचा हरखला. "मामा, हाच माझा रूट!" मळेवाल्या काकांनी त्याच्या बुटांकडं बोट दाखवलं. मळ्यात जोडे घालून जायची रीत नाही. त्यानं बूट काढले. काकांनी ते उचलून उन्हात धरले, तळ दाबून पाहिला, किंमत विचारली. भाच्यानं सांगितली. काकांनी बूट दोन्ही हातांनी जपून कुडाजवळ ठेवले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सर, एवढ्याचे बूट असल्यावर पायी काहून फिरवता पोराले?"

अनवाणी तो दोन ओळी धावला. तिसऱ्या ओळीत काकांनी हाक दिली, "हळू! वेलाले धक्का लागते." मग आम्ही बांधावर बसून पान खाल्लं. मुंबई मॅरेथॉनच्या आहारतक्त्यात विड्याचं पान नव्हतं. ते मी पेन्सिलीनं लिहून दिलं.

सपाट, सरळ आणि वाहनं नसलेला रस्ता हवाच असेल, तर गावात एक होता: शकुंतला रेल्वेचा रूळ. मूर्तिजापूर ते अचलपूर अडीच फुटी रुळांवरून ही गाडी अंजनगाव, पथ्रोट करत जायची. 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर, नंतर डिझेलवर, आणि आता काही वर्षांपासून नुसती आठवणींवर. तिचा वेग बघता आमच्या वडिलांच्या पिढीनं मॅरेथॉनची तयारी तिच्यासोबतच केली असं म्हणता येईल; उतरून एक काम उरकायचं आणि पुन्हा पुढच्या डब्यात चढायचं, हे धट्टीकट्टी माणसं सहज करत. रुळावर आता बाभळी आणि काटेरी झुडपं माजली आहेत. स्लीपरमधलं अंतर एका पावलाला जास्त आणि दोन पावलांना कमी. भाचा तिथं शंभर मीटर गेला आणि बुटातून काटा काढत परत आला.

राहिलं जंगल. रविवारी आम्ही नरनाळ्याकडं गेलो. किल्ल्याचा महाकाली दरवाजा बघून भाचा गप्प झाला. 1487 सालचं ते नक्षीकाम बघून माणूस घड्याळाचं बटण विसरतो. पण त्याला धावायचं होतं, आणि हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा टापू. प्रकल्प 1974 पासूनचा, देशातल्या पहिल्या नवांतला. फाटकावरच्या वनरक्षकाला त्यानं अदबीनं विचारलं, "आत रनिंग करता येईल का?" त्या भल्या माणसानं आधी माझ्याकडं बघितलं, पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना, म्हणून. मग शांतपणे समजावलं: "वाघाचं काही नाही, माणूस दिसला की तो उठून जाते. अस्वलाचं सांगता येत नाही. तुम्ही पयाले लागले की ते बी मांगं लागते. तुम्हाले वाटीन, आपल्यासंगं प्रॅक्टिस करून राह्यलं." भाच्यानं विचारलं, अस्वल ताशी किती वेगानं धावतं. वनरक्षक म्हणाला, "मोजाले कोणी थांबलं नाही."

परतीच्या वाटेवर मी त्याला सांगत होतो, की या परिसराचा सगळ्यात लांबचा रूट एका इंग्रजानं केला. 1803 साली 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड, आणि 30 डिसेंबरला आमच्या सुर्जी-अंजनगावात दौलतराव शिंद्यांशी तह. आर्थर वेलस्ली, पुढं नेपोलियनला हरवणारा. आणि शर्यतीअखेर पदक म्हणून काय, तर अहमदनगर, भरूच आणि गंगा-यमुनेमधला दुआब. भाचा म्हणाला, "आम्हाला टी-शर्ट आणि केळं देतात." केळं तर इथं फुकट मिळतं, मी म्हणालो.

शेवटी तो भरतीच्या पोरांकडं गेला, आणि तिथंच त्याचं जमलं. ही पोरं पहाटे साडेचारला अकोटच्या रस्त्याला जमतात. निसर्गशोभेचा प्रश्नच नाही, कारण अंधार असतो. यांच्या धावण्याला कारण आहे आणि आकडा आहे: मैदानी चाचणीचे 50 गुण, त्यात मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून दर पावलागणिक पाय जड होत जातो, तेव्हा बाभळीच्या काडीनं तळ खरवडून ही पोरं पुन्हा रांगेत उभी राहतात. कोणाच्या पायात कॅनव्हासचे फाटके बूट, कोणी अनवाणी. भाच्यानं त्यांच्यासोबत पहिली फेरी मारली आणि शेवटून दुसरा आला. शेवटचा बुटाची नाडी बांधायला थांबला होता.

पोरांना त्याच्या घड्याळाचं मोठं कौतुक. ते उपग्रहावरून अंतर मोजतं म्हटल्यावर त्यांनी आपला 1600 मीटरचा पट्टा मोजून मागितला. किलोमीटरच्या दगडापासून चुन्यानं मारलेल्या रेघेपर्यंत भाचा गेला, आला, पुन्हा गेला. घड्याळ तिन्ही वेळा 1540 दाखवत होतं. एकदम सन्नाटा. गेल्या कित्येक महिन्यांचे सगळ्यांचे सेकंद एका मिनिटात खोटे ठरले होते. ज्याचं नाव सगळ्यात पुढं होतं, तो पोरगा म्हणाला, "दादा, तुमचं घड्याळ पुण्याचं आहे. इथं चालत नसन ते."

बराच वाद झाला. अखेर मास्तर म्हणून निवाडा माझ्याकडं आला, आणि रेघ साठ मीटर पुढं सरकवायचं ठरलं. ती नेमकी एका गोठ्यासमोर आली. त्या गोठ्यात एक काळं कुत्रं आहे, आणि पहाटे ते मोकळं असतं. दुसऱ्या दिवशी पोरं पूर्ण 1600 धावली, आणि सगळ्यांची वेळ आधीपेक्षा कमी आली. भाच्यानं तर त्या सकाळी आयुष्यातले सगळ्यात वेगवान साठ मीटर काढले. ॲपनं त्याला त्याबद्दल सोन्याचं पदक दिलं.