रा. रा. टचस्क्रीन यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री टचस्क्रीन यांस,
मुक्काम पोस्ट धन्याचा खिसा.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या धन्याची सहनशक्ती संपत आली आहे. फोन वाजतो. पलीकडे थोरले काका असतात, कामाशिवाय कधी फोन न करणारे. धनी हिरव्या खुणेवर बोट फिरवतो, पुन्हा फिरवतो, अंगठा लावून पाहतो, शर्टाला बोट पुसून आणखी एकदा प्रयत्न करतो, तोवर काकांनी वैतागून फोन ठेवलेला असतो. तोच फोन खिशात गेला की मात्र आपल्याला तरतरी येते. आपण स्वतःहून उजळता, नंबरांची यादी चाळता आणि लग्नातल्या मानपानावरून ज्या व्याह्यांशी अबोला धरलेला आहे, नेमका त्यांनाच व्हिडिओ कॉल लावता. धन्याने आपल्याला हप्त्यांवर घरी आणले आहे आणि हप्ते अजून फिटायचे आहेत, याची आठवण असू द्यावी.

आपले घराणे मोठे, यात वाद नाही. १९६५ साली इंग्लंडातल्या माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली, ती विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या नियंत्रकांसाठी. पुढे सत्तरच्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक टचस्क्रीन तयार केले. आपल्या पूर्वजांचा वावर असा विमाने आणि अणूच्या पोटातले कण यांच्यात. आणि आपल्याला किराणा दुकानात यूपीआयचा पिन टाकताना ‘७’ उमटवता येत नाही.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी बटणांच्या फोनांची आणि काडीने टोचायच्या पडद्यांची थट्टा केली, आयफोन वर धरला आणि आपली गादी पक्की झाली. पण त्या दिवशी फोनमधला सगळा कारभार एकाच्या हाती गेला, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. जुन्या फोनात पाचाचे बटण रुसले तर बाकीची अकरा चालत. आता आपण रुसलात की फोन घेता येत नाही, करता येत नाही आणि कहर म्हणजे बंदही करता येत नाही, कारण ‘बंद करू का?’ हा प्रश्नही आपल्याच अंगावर उमटतो आणि उत्तरही तिथेच द्यायचे असते. सुदैवाने दोन-तीन बटणे अजून शिल्लक आहेत. सॅमसंगसारख्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर आणि आवाज कमी करायचे बटण एकदम दाबून धरले, किंवा आयफोन ८ आणि नंतरच्या फोनांत आवाज वाढवायचे बटण, मग कमी करायचे, पटकन दाबून सोडले आणि मग बाजूचे बटण सफरचंद दिसेपर्यंत दाबून धरले, की आपल्याला न विचारता फोन नव्याने सुरू होतो. निम्म्या भानगडी इथेच मिटतात. ही गोष्ट दुकानदार शेवटी सांगतो, म्हणून इथे आधी सांगितली.

आता पावसाळ्यातल्या आपल्या वर्तनाविषयी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवर पीक नोंदवायचे, फोटो काढायचा, सातबाऱ्यावर पेरा चढवायचा. खरिपाची ही नोंद ऐन पावसाच्या दिवसांत असते. बांधावर उभा शेतकरी एका हाताने डोक्यावरचे खताचे पोते सावरत दुसऱ्या हाताने गट नंबर टाकतो. तेवढ्यात चार थेंब पडतात. यादी आपोआप पळू लागते, सोयाबीनवर थांबायची ती भलत्याच पिकावर थांबते आणि माणसाने दाबलेले ‘मागे जा’ मात्र आपल्याला ऐकू येत नाही.

आपल्या बाजूने याचे स्पष्टीकरण आहे. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या छेदावरची विद्युतधारिता किंचित बदलते आणि तेवढ्यावरून आपण बोटाची जागा ठरवता. दाब आपल्याला कळत नाही. जोरात दाबून धन्याचे नखच दुखते. पाणीही तसाच बदल घडवते, म्हणून थेंब आपल्याला बोटासारखा भासतो. उलट विळा-खुरप्याने घट्टे पडलेले, कोरडे, जाड कातडीचे बोट आपल्याला पुरेसे जाणवत नाही. म्हणजे ज्याच्या शेतात आपण उभे आहात त्याचे आपण ऐकत नाही आणि आभाळातून पडेल त्याचे निमूट ऐकता. उपाय साधा असला तरी शेतात तो जमवणे अवघड: काच आणि बोट दोन्ही कोरड्या कापडाने पुसणे, आणि सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल तर ती चालू करणे. ही सोय मुळात जाड स्क्रीनगार्ड लावणाऱ्यांसाठी दिलेली असते.

स्क्रीनगार्डवरून आठवले. आपल्या वागण्याचे खापर पुष्कळदा आपल्यावर फुटते आणि गुन्हेगार असतो रस्त्यावरच्या टपरीत लावून घेतलेला टफन. कडेलाच गोंद असलेली जाड काच, मध्ये हवेचा थर, त्यात धूळ. असा टफन काढला की आपण शहाण्यासारखे वागू लागता. पण काढण्यातही घाई नको. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगने घडीचा फोन परीक्षणासाठी पत्रकारांना दिला, तेव्हा काहींनी वरचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलला. तो पडद्याचाच भाग होता. पडदे मेले, विक्री पुढे ढकलावी लागली आणि फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला.

दुसरा गुन्हेगार चार्जर. फोन चार्जिंगला लावून कोणी काही लिहू लागले की अक्षरे उड्या मारतात, न दाबलेली बटणे दाबली जातात आणि घरात कोणीतरी ठामपणे सांगते की फोन हॅक झाला. स्वस्तातला चार्जर वीज नीट गाळून देत नाही. त्यातला गोंगाट आपल्या जाळीत शिरतो आणि आपल्याला नसलेली बोटे दिसू लागतात. वायर काढावी, भूत गेले तर चार्जर बदलावा.

एवढे करूनही आपण ताळ्यावर आला नाहीत तर धनी आपल्याला घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर जातो. काउंटरमागचा मुलगा आपल्यावरून एकदा अंगठा फिरवतो आणि निकाल देतो, ‘फोल्डर गेलाय.’ फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवून केलेला एकच जोड. तिघांपैकी कोण बिघडले हे शोधण्यापेक्षा तिघांना बदलणे दुकानाला सोपे आणि धन्याला महाग. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपली उलटतपासणी घरीच उरकलेली बरी.

पडद्यावर रेघ दिसते आहे? स्क्रीनशॉट काढावा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून पाहावा. स्क्रीनशॉट फोनच्या स्मृतीतून निघतो, आपल्या काचेशी त्याचा संबंध नसतो. रेघ त्यात आली तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा ग्राफिक्सचा, आणि नुसता डिस्प्ले बदलून पैसे पाण्यात जातील. रेघ आली नाही तर दोष पॅनेलचा किंवा त्याला जोडणाऱ्या पट्टीचा. टच मधेच मरतो आहे? होम स्क्रीनवरचे एखादे आयकॉन दाबून धरावे आणि सावकाश आडव्या ओळींनी वरपासून खालपर्यंत फिरवावे. जिथे ते बोटातून सुटून जागेवर परत जाते तिथला पट्टा मेलेला. अँड्रॉइडमध्ये याहून चांगली सोय आहे. सेटिंगमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यातले पॉइंटर लोकेशन चालू केले की बोट जाईल तिथे रेघ उमटते. न लावलेल्या बोटांच्या रेघाही उमटू लागल्या तर आपण स्वप्नात बडबडता आहात हे सिद्ध झाले. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत डायलरवर *#०*# टाकले की तपासणीचे पान येते. लाल, हिरवा, निळा रंग पूर्ण पडद्यावर भरून पाहता येतो.

एखादे नवे ॲप टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर सेफ मोड, म्हणजे आपण टाकलेली ॲप्स बाजूला ठेवून फोन सुरू करणे. पॉवर ऑफचा पर्याय बोटाने दाबून धरला की पुष्कळ अँड्रॉइड फोन ‘सेफ मोडमध्ये सुरू करू का’ असे विचारतात. तिथे आपण नीट वागलात तर ते ॲप काढून टाकावे, फोल्डर नव्हे.

आणि पडदा पूर्ण काळा असूनही फोन वाजत असेल, थरथरत असेल, तर फोन जिवंत आहे. एलसीडी असेल तर अंधाऱ्या खोलीत तिरका टॉर्च मारून निरखावे. आत पुसटशी चित्रे दिसली तर मागचा दिवा गेला आहे, चित्र शाबूत आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवाच नसतो, त्यामुळे तिथे ही युक्ती लागू पडत नाही. काळा डाग शाईसारखा रोज पसरत चालला असेल तर मात्र टॉर्च, सेफ मोड सगळे विसरावे. पॅनेल आतून फुटले आहे.

न्यायाची गोष्ट म्हणजे आपल्याला पूर्वी फुकट शिक्षा झालेली आहे. आयफोन ६ प्लसच्या पडद्याच्या वरच्या बाजूला राखाडी पट्टा लुकलुके आणि टच मरे. लोकांनी पडदे बदलले, नव्या पडद्यांवरही तोच पट्टा आला. २०१६ मध्ये दुरुस्ती करणाऱ्यांनी दाखवून दिले की फोन वाकल्याने मदरबोर्डावरच्या टचच्या चिपांचे टाके सुटत होते. त्या नोव्हेंबरात ॲपलने १४९ डॉलरला दुरुस्तीची योजना आणली, आणि कारण दिले फोन वारंवार कठीण जागी पडण्याचे. पाडणारा धनी, वाकणारा फोन, आणि बदलून कचऱ्यात गेलात आपण.

सगळ्याच वेळी आपण इतके निष्पाप नव्हता. नोव्हेंबर २०१९ ते मे २०२० मध्ये बनलेल्या काही आयफोन ११ मध्ये टच खरोखरच डिस्प्लेतल्या दोषाने जात होता. ॲपलने ते मान्य करून फुकट बदलून देण्याची योजना जाहीर केली. भारतात ओएलईडी पडद्यांवर उभी हिरवी रेघ उगवण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की वनप्लसने २०२४ च्या अखेरीस तिच्यासाठी आजीवन हमी देऊ केली. म्हणून काउंटरवर नोटा ठेवण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राला मॉडेल सांगून ‘यावर काही योजना आहे का’ हा एक प्रश्न विचारणे धन्याच्या फायद्याचे. हमीतले काम नाकारले तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तो डायल करण्यापुरते तरी आपण शुद्धीवर असावे.

आपल्या वारसांबद्दलही बोलायला हवे. दुकानात ‘ओरिजिनल’, ‘ओरिजिनलसारखा’ आणि ‘कॉपी’ अशा तीन किमती सांगतात. ओएलईडीच्या जागी स्वस्त एलसीडी बसवला तर काळा रंग राखाडी दिसतो. डिस्प्लेखाली बोटाचा ठसा घेणारा फोन असेल तर ठसाही चालेनासा होतो, कारण त्या पडद्यातून सेन्सरपर्यंत हवा तसा प्रकाश पोचत नाही. दुकानातून निघण्यापूर्वी ठसा लावून पाहावा, आयकॉन चारही कोपऱ्यांत फिरवावे, एक फोन करून कानाशी धरल्यावर पडदा विझतो का पाहावे आणि जुना फोल्डर परत मागावा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी मागावाच. चित्र आणि टच शाबूत असून नुसती वरची काच तडकली असेल, तर तेवढीच बदलून देणारे कारागीरही असतात. गरम प्लेटवर गोंद सैल करून बारीक तारेने काच सोडवायची, हे काम हातचे आहे. चुकले तर फोल्डर जातो. ती जोखीम कोणाची, हे आधी ठरवून घ्यावे.

उन्हाळ्याचे थोडक्यात. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. मे महिन्यात चंद्रपूरला पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा आपण अंग वाचवायला स्वतःचा उजेड कमी करता आणि भर उन्हात धन्याला काही दिसेनासे होते. फोन सावलीत आणून कव्हर काढावे, एवढाच इलाज. फ्रिजमध्ये ठेवू नये; आत दव धरते.

अखेरची सूचना आपल्याविषयी नाही, आपल्या प्रतिस्पर्ध्याविषयी आहे. चित्र दिसते पण टच पूर्ण मेला, अशा अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणी लावून संगणकाचा साधा माउस जोडावा. बहुतेक फोनांत पडद्यावर बाण उमटतो. त्याने पॅटर्न काढता येतो, फोटो हलवता येतात, व्हॉट्सॲपचा बॅकअप घेता येतो. दुरुस्तीला देण्यापूर्वी हे झाले म्हणजे मुलीच्या बारशाचे फोटो अनोळखी माणसाच्या ड्रॉवरमध्ये अडकत नाहीत. माउस ही वस्तू कालबाह्य झाली म्हणून आपण हसला होतात. तिला अजून हात जोडावे लागतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कागदोपत्री धनी

ता. क. : फोन भिजला की तो तांदळाच्या डब्यात पुरण्याचा घरगुती इलाज ॲपलने २०२४ च्या जानेवारीत लेखी मोडीत काढला, तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असे कारण दिले. पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटावे आणि हवेशीर जागी ठेवून द्यावे. डब्यातल्या तांदळाचा भात लावावा की नाही, यावर धन्याच्या घरात अजून मतभेद आहेत.