आवाज कोनासाठी?

(अमरावती. दोन घरांच्या मधात कमरेएवढी भिंत. अलीकडं वहिनी, पलीकडं काकू. काका कोर्टातून बेलिफ म्हणून रिटायर झालेले.)

वहिनी : काकू, काल सांजच्याले आयकलं काय व? शिवणवालीच्या दारात थो वसुलीवाला पोट्टा कसा बोंबलून राह्यला होता!

काकू : आयकू येनार नाई त काय! साऱ्या गल्लीले समजलं किस्त थकली म्हनून.

वहिनी : एक नाई, तीन कंपन्यांच्या. पहिलीचं फेडाले दुसरी, दुसरीचं फेडाले तिसरी. आता घेतलं त द्या लागते न!

काकू : द्या त लागतेच. पन थो आल्ता तवा वाजले होते किती?

वहिनी : साडेसात.

काकू : मंग चुकला थोच. बायकांच्या गटातलं बिनतारणी कर्ज असलं त सकाळी 9 च्या आधी अन् संध्याकाळी 6 च्या बाद तगादा लावता येत नाई. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम हाये. शिवीगाळ, नातेवाइकाले तरास, कर्जदाराचं नाव चारचौघात करनं, सारं बंद. अन् घराच्या महिन्याच्या कमाईतली निम्म्याच्या वर रक्कम किस्तीतच जाईन, एवढं कर्ज द्यायचंच नाई कंपनीनं. तिघाईनं काय पाहून देलं, हे कोनी इचारलं काय?

वहिनी : थो त म्हने, जप्ती आनतो अन् मशीनच उचलून नेतो.

काकू : जप्ती काय त्याच्या खिशात हाये? आधी दावा, मंग हुकूम, मंग बेलिफ. आमच्या ह्याईनं जलमभर थेच केलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 तोंडपाठ त्याईले. अंगावरचे कपडे, रांधाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, कशालेच हात लावता येत नाई. कारागिराची अवजारं, कास्तकाराची औतं, लागतीन तेवढे बैल अन् बियानं, हेही सुटलं. मशीन म्हनजे तिचं अवजारच न व? मशीनच गहाण ठेवून पैसा उचलला असन, त गोष्ट येगळी. अन् पैशाच्या हुकमापायी बाईमानसाले अटक होत नाई.

वहिनी : त्यापरीस दिवाळं काढून मोकळं व्हावं तिनं.

काकू : थे एवढं सोपं नाई. कंपन्याईच्या दिवाळ्यासाठी 2016 चा कायदा. तुह्यामाह्यासारख्याले अजूनही 1920 चा इंग्रजाचाच लागते. त्यात 500 रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज चालते, इतका जुना! पन नादार ठरलं की आपल्या मालमत्तेवर कोर्टाचा ताबा. त्याच्या आधी तिनं कोर्टाच्या आवारात जावं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. बाईले कमाई न इचारता वकील फुकट देतात. 15100 वर फोन केला तरी सांगतात. लोक अदालतीत तडजोड झाली की पुढं अपील नाई, तंटा तठीच मिटते.

वहिनी : काकू… अकोल्याच्या माह्या भावाचं एक इचारू? कोनाले सांगजा नोको पन.

काकू : बोल.

वहिनी : त्याचं सोयाबीन उगवलंच नाई. दुबार पेरनीले सावकाराकून पैसे उचलले. सावकार म्हने, गहाण कायले, खरेदीखतच करून दे, पैसे देले की शेत फिरवून देतो. अन् यानं देलं करून.

काकू : बियान्याची पिशवी, टॅग, बिल ठेवलं काय त्यानं? कास्तकार ग्राहक आयोगात जाऊ शकते, सुप्रीम कोर्टानं 2012 मधी सांगतलं. 5 लाखांपर्यंतच्या मालाले फी लागत नाई. पन तक्रार 2 वर्षांच्या आत.

वहिनी : पिशवीत माह्या भावजयीनं गहू भरला. अन् येत्या दिवाळीले चार वर्षं होतीन.

काकू : मंग थे गेलं. शेताचं मात्र गेलं नाई. 2014 चा सावकारी कायदा हाये. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, त्याच्याकडं अर्ज कराचा. खरेदीखत सावकारीतूनच झालं असं चौकशीत निघालं, त थे रद्द करून जमीन परत देवाचा अधिकार हाये त्याले. पन खरेदीले 5 वर्षं होवाच्या आत. अन् परवाना नसला त सावकाराले 5 वर्षांपर्यंत कैद.

वहिनी : मोठ्या मानसाच्या इरुद्ध कोन बोलन व?

काकू : खामगावचं आठवत नाई? आमदाराच्या घरच्या सावकारीची तक्रार, थे दाबाले मुख्यमंत्र्याच्या हापिसातून पोलिसाले फोन. शेवटी 2010 मधी सुप्रीम कोर्टानं राज्य सरकारलेच 10 लाखांचा दंड ठोकला. तक्रार करनारा कास्तकारच होता.

वहिनी : लाज वाटते व, म्हनून गप राह्यला थो.

काकू : चार वर्षं लाजेनंच खाल्ली न! शिवणवालीचंही तसंच. थो पोट्टा तिच्यासाठी बोंबलत नाई, तिले त हयू बोललं तरी आयकू येते. थो बोंबलते तुह्यामाह्यासाठी. आपन कान देतो म्हनून त्याचं फावते. आता आला की आपन दोघी दारात जाऊ. ओळखपत्र माग, कंपनीचं पत्र माग, मोबाइलवर रेकॉर्ड कर.

वहिनी : अन् भावाले काय सांगू?

काकू : खरेदीखताची नक्कल, सातबारा, पैसे देल्या-घेतल्याची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, सारं जमा कर म्हना. अर्ज मराठीतच लिव. अन् पोच घेतल्याबिगर खिडकी सोडू नोको.

वहिनी : थो म्हनन, बहिनीनं गल्लीभर केलं.

काकू : म्हनू दे. पाचवं वर्ष उलटलं त लपवाले शेतच उरनार नाई.