मध्यंतरानंतर थोडा रेंगाळतो

'कोर्ट'च्या शेवटच्या प्रसंगावर मी गेली दहा वर्षं बोलतो आहे. बारशाच्या पंगतीत कोणी "खटले किती वर्षं चालतात बघा" एवढं म्हणालं तरी मी ताटातून मान वर काढतो. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर पेंगताहेत, पोरं चोरपावलांनी जवळ येतात, एकदम ओरडतात, न्यायाधीश दचकून उठतात आणि हाताला लागेल त्या पोराच्या थोबाडीत ठेवून देतात. "काय शेवट आहे!" असं म्हणून मी पुन्हा श्रीखंडाकडे वळतो.

आता सांगायला हरकत नाही. २०१५ साली चित्रपटगृहात मीही त्याच आरोळीनं जागा झालो होतो.

त्याआधीची किमान वीस मिनिटं माझ्या हिशेबात नाहीत. चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा एका जागी ठेवून दिलाय. माणसं येतात, बोलतात, निघून जातात, खोली रिकामी होते, तरी कॅमेरा तिथेच. मीही तिथेच होतो. फक्त डोळे मिटलेले होते. पडद्यावर न्यायाधीश आणि खुर्चीत मी, दोघं एकाच क्षणी दचकलो. कलाकृतीशी इतका एकजीव झालेला प्रेक्षक दिग्दर्शकाला दुसरा मिळाला नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि बाहेर पडेपर्यंत मत तयार केलं.

त्यांच्याच 'द डिसायपल'बद्दल "हा एका बैठकीत पाहायचा चित्रपट आहे" असं मी चौघांना सांगितलं. स्वतः चार बैठकांत पाहिला. मधल्या एका बैठकीत दूध उतू गेलं. त्यात एक गृहस्थ आहेत. संगीताचे संग्राहक, सगळ्या बुवांच्या आणि बाईंच्या आतल्या गोष्टी माहीत असलेले, पेला हातात घेऊन एकेकाला निकालात काढणारे. मला वाटलं, हाच तो! इतक्या वर्षांनी पडद्यावर आपला माणूस दिसला. तेवढ्यात नायक शरद नेरुळकरनं पेला उचलून त्यांच्या तोंडावर रिकामा केला. तो प्रसंग मला थोडा भडक वाटला.

माझ्याजवळ एक हुकमी वाक्य आहे. "मध्यंतरानंतर थोडा रेंगाळतो." हे वाक्य कुठल्याही चित्रपटाला लागू पडतं, कुणालाही दुखवत नाही आणि बोलणाऱ्याला संकलनातलं कळतं असा भास निर्माण करतं. एका चित्रपटाला मी मध्यंतरात घरी आलो होतो, कारण गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर लावली होती. तोही मध्यंतरानंतर रेंगाळला. पुढे एका इराणी चित्रपटाबद्दल हेच बोललो, तेव्हा मेव्हण्यानं विचारलं, "त्याला मध्यंतर कुठे होतं?" हा मेव्हणा फार तपशिलात जातो.

या वाक्याच्या आधी 'बरा आहे' लावायचं असतं, आणि 'बरा' या शब्दावर मी जरा थांबणार आहे. घाई असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

मराठी माणूस चित्रपटाला 'चांगला' म्हणत नाही. चांगला म्हटलं की जबाबदारी आली. उद्या कोणी चारशे रुपये मोडून जाईल आणि परवा जाब विचारील. म्हणून 'बरा'. तापातून उठलेला माणूस बरा, सोयरिकीतला मुलगा बरा आणि सिनेमाही बरा. पण या बऱ्यात पायऱ्या आहेत. 'बरा आहे' म्हणजे आवडला. 'बरा आहे की!' म्हणजे खूप आवडला, आणि तो मराठी आहे याचं आश्चर्य वाटलं. 'तसा बरा आहे' म्हणजे अजिबात आवडला नाही, पण त्यातला एक नट समोर बसलेल्यांचा भाचा आहे. 'बराय', एका दमात, मोबाइलवरून नजर न काढता, म्हणजे झोप लागली होती. 'बराच बरा' असं फक्त समीक्षक म्हणतात. आणि या सगळ्याच्या वर, जिथं फार थोडे पोचतात, तिथं 'वाईट नाही'. आमच्या काकांनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टींना 'वाईट नाही' म्हटलं. एक 'सामना', आणि दुसरं काकूच्या हातचं बांगड्याचं तिखलं. पैकी दुसरं मत त्यांनी माझ्या वडिलांजवळ दिलं होतं. काकूला ते काका गेल्यावर कळलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिनं तिखलं केलं, आणि तिरफळं इतकी घातली की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

असो.

मत देण्याच्या या धांदलीत चित्रपट बघायचा राहून जातो. 'साबर बोंडा'ला २०२५च्या सनडान्स महोत्सवात ज्युरींचं मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हापासून मी सोसायटीच्या ग्रुपवर उठता-बसता लिहीत होतो की हा चित्रपटगृहात जाऊनच बघा. सप्टेंबरात तो लागला. मी पहिल्या आठवड्यात लोकांना पाठवत राहिलो. स्वतः गेलो तोपर्यंत डोंबिवलीच्या जवळपास एकच खेळ उरला होता, रात्री पावणेअकराचा, आणि तोही आदल्या दिवशी संपला होता. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काका, कोणी येतच नव्हतं." मी भडकलो. मराठी सिनेमाला सकाळी सव्वानऊचा नाहीतर लोक झोपायला जातात तेव्हाचा खेळ द्यायचा आणि वर रिकाम्या खुर्च्या मोजून दाखवायच्या! २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम मिळवून दिला, तोही ताणून दुपारी बारापासून सुरू होणारा. दुपारी बारा ही आमच्याकडे कुकरच्या शिट्टीची वेळ. हे सगळं मी त्या मुलाला ऐकवलं. त्याचा काय दोष? त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही मागच्या आठवड्यात का नाही आलात?" त्या मुलानं आणि मेव्हण्यानं भेटायला हवं.

'साबर बोंडा' लागला त्याच्या आधीच्या शुक्रवारी 'दशावतार' लागला होता. आई म्हणाली, "मला ने."

आई आठ वर्षांत चित्रपटगृहात गेली नव्हती. माहेर कुडाळकडचं. लहानपणी जत्रेत गोणपाट अंथरून उजाडेपर्यंत दशावतार बघितलेला; राजाचं काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात विडी ओढताना दिसला म्हणून रडलेलीही. पन्नास वर्षं डोंबिवलीत काढल्यावर ती आता पुस्तकातलं मराठी बोलते. मालवणी फक्त भांडताना आणि घाबरल्यावर. चित्रपटातले दिलीप प्रभावळकर तिच्या लेखी अजून दूरदर्शनवरचे चिमणराव.

"त्याचं वय काय रे आता?"

"एक्क्याऐंशी."

"म्हणजे माझ्याहून तीननं मोठा." मग बराच वेळ ती फक्त त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होती. "इतकं नाचवतात त्याला. रात्री तेल लावायला कोणी असेल ना?"

मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेतली मधली तिकिटं काढली होती. तिथून संपूर्ण चौकट दिसते, असं मी सांगतो. मध्यंतरात मक्याच्या लाह्या घेऊन आलो आणि म्हणालो, "बघ हं आई, आता रेंगाळणार."

"दशावताराला कुठलं आलंय मध्यंतर?" ती म्हणाली. "झोप आली की झोपायचं, राक्षस ओरडला की उठायचं."

'कोर्ट' मी नेमका याच पद्धतीनं पाहिला होता. मला उगाच इतकी वर्षं अपराधी वाटत होतं.

चित्रपट संपला. त्यातला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी, नजर त्याला दगा द्यायला लागलेली. मला एकदम वाक्य सुचलं: 'बाबुलीची मंदावणारी नजर हे वस्तुतः कोकणाकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचं रूपक आहे.' 'वस्तुतः' ठेवावं की काढावं? मोबाइल काढून मी टाइप करत पायऱ्या उतरायला लागलो. ग्रुपवर पहिलं मत आपलं पडायला हवं. मेव्हण्यानं सहाचा खेळ पाहिला होता. दारापाशी पोचून 'वस्तुतः' काढलं, पाठवलं आणि मागे वळलो.

आई अजून वरच होती. बायको पर्स शोधायला खुर्च्यांखाली वाकलेली. दिवे अर्धेच लागलेले. आईनं एका हातानं खुर्चीची पाठ धरली होती आणि एक पाऊल पुढे काढून पायरी चाचपत होती. पाऊल हवेत फिरायचं, परत मागे यायचं. पुन्हा पुढे. लोक तिला वळसा घालून उतरत होते.

"रे," ती म्हणाली, "माका दिसना नाय."

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू जूनमध्ये काढला होता. डाव्याची तारीख मीच दोनदा पुढे ढकलली होती, दिवाळीनंतर बघू म्हणून.

वर गेलो. तिचा हात धरला. ती जत्रेतल्या मुलीसारखा घट्ट धरून होती. मी मोठ्यानं मोजत उतरलो, "ही एक. ही दोन. आता जरा रुंद आहे." सतरा पायऱ्या. खिशात मोबाइल सारखा थरथरत होता. रूपकाला अंगठे येत असणार. खाली आल्यावर तिनं पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि अगदी पुस्तकातल्या मराठीत म्हणाली, "बरा होता."

हा वरच्यापैकी कुठला 'बरा', ते मला अजून लावता आलेलं नाही.

डोळ्याचं दिवाळीच्या आधीच उरकून घेतलं. परवा ती पुन्हा म्हणाली, कुठलातरी सिनेमा बघू या. येत्या रविवारची तिकिटं काढली आहेत, 'सी' रांगेची. माना वर करून बघावं लागणार, नटांच्या नाकपुड्या मोठाल्या दिसणार, चौकट वगैरे काही कळणार नाही. पायऱ्या तीन आहेत.